दूध देणारी घसरली

"दूध देणारी घसरली म्हणे. घसरली तर उचला ना तिला, तिचं फूल कसलं करताय!"

हे माझ्या डाव्या कानाशी, एडे स्टेशनवरून वाखनिंगनला जाणाऱ्या बसमध्ये. मी डोळे मिटून खिडकीला टेकले होते, म्हणून विश्वासला वाटलं मला झोप लागलीय. बायको झोपली की त्याच्या तक्रारींना पाय फुटतात. मांडीवर कागद, कागदावर बोट, आणि ओठातल्या ओठात पुटपुट.

"गाय, घसरली. काउ, स्लिप. काउस्लिप. चोपन्न वर्षांचा माणूस मी. मशीनचे भाग केसाएवढे चुकले तर पकडतो. आणि इथं बसलोय गाय उचलत."

मी डोळे उघडले नाहीत. बस गव्हाच्या शेतांमधून अशी चालली होती की जणू तिलाही कुठे पोचायची घाई नव्हती. अर्धवट झोपेत मला तेव्हा एक स्वप्न नेहमी पडायचं. शाळेच्या मैदानावर फुलं रांगेत उभी आहेत, मी हजेरी घेतेय, आणि एकही फूल सरळ 'हजर' म्हणत नाही. एक म्हणतं, मी पावाला लावतात ते, चषकात भरलेलं. दुसरं म्हणतं, मी फाटके कपडे घातलेला पक्षी. मी वहीत बटरकप लिहिते, रॅगेड रॉबिन लिहिते. रांगेच्या शेवटी पुण्यातल्या शाळेचा निळा पिनाफोर घातलेली संहिता असते. हात पाठीमागे. ती मला काहीच सांगत नाही, आणि मी तिच्यापुढे येईपर्यंत बस थांबते.

संहिता आमची एकुलती एक. अकरा वर्षांची असताना आम्ही तिला उचलून आइंडहोवनला आणलं, आता सत्तावीसची आहे. राहते आम्स्टरडॅमला, ऑफिस स्लोटरडाइक स्टेशनच्या समोर, काचेच्या इमारतीत. आमच्यात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान मिटवायला तरी भेटलो असतो. महिन्यातून एकदा यायची, कानात ते पांढरे बोळे, "आई, मी कॉलवर आहे," आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मी विचारायचे जेवलीस का, ती म्हणायची हो. एवढ्या शिदोरीवर मी चार आठवडे काढायचे.

मग गेल्या हिवाळ्यात तिनं डॅनियलला घरी आणलं. उंच, वाकून बोलणारा इंग्रज मुलगा. वाखनिंगनच्या विद्यापीठात गवताच्या मुळांवर संशोधन करायचा. दोघं लग्नाचं बोलत होते, म्हणजे संहिता बोलत होती आणि तो मान डोलवत होता. चहाच्या वेळी त्यानं सांगितलं की त्याची आई, हिलरी, त्यांच्या खेड्यातल्या उन्हाळी जत्रेसाठी दरवर्षी एक कोड्यांचा कागद तयार करते. ब्रिटनमधल्या रानफुलांची नावं ओळखायची. प्रत्येक नावाला एक वाकडी खूण, सरळ काहीच नाही. एक कागद त्याच्या बॅगेतच होता. "जूनमध्ये आई इकडे येणार आहे," तो हसत म्हणाला. "ती तुम्हालाही खेळायला लावेल, सांभाळा."

एवढंच म्हणाला बिचारा. आमच्या कानांनी मात्र ऐकलं की जूनमध्ये परीक्षा आहे, बाहेरून परीक्षक येणार आहेत, आणि अभ्यासक्रम जाहीर झाला आहे.

दुसऱ्या दिवशी विश्वासनं कॉम्प्युटरवर तक्ता केला. रंग, महिना, नावाचे तुकडे. प्रश्नप्रकार पहिला, प्राणी अधिक वस्तू. प्रश्नप्रकार दुसरा, पक्षी अधिक परिस्थिती. मी ग्रंथालयानं काढून टाकलेल्या पुस्तकांतून एक फुलांचं पुस्तक आणलं आणि ओट्यावरच्या फरशांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. पुढचं सगळं मी असंच फरशांवर शिकले, डच भाषेसकट. पोळ्या लाटता लाटता मी स्पीडवेल, स्पीडवेल म्हणायचे.

"निगेटिव्ह मार्किंग असेल का गं?" विश्वासनं एकदा रात्रीच्या जेवणात विचारलं.

"तिच्या आईला विचार ना. विहीणबाई, चुकीच्या उत्तराला किती कापणार?"

संहिता घरी आली आणि फरशा बघून मधोमध उभी राहिली. मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "आई! तो गेम आहे! म्हातारी माणसं केक खात खेळतात!"

"असू दे की. आपण नीट तयारी करून खाऊ केक."

"बाबा, तू अपेक्षित प्रश्नसंच काढलायस?"

"जोड्या जुळवासुद्धा आहे," विश्वास म्हणाला. त्याला यात विनोद दिसला नाही.

त्या दिवशी तिनं कानातले बोळे काढून टेबलावर ठेवले आणि रात्रीच्या गाडीपर्यंत पुन्हा घातले नाहीत. जाताना म्हणाली, "नुसतं थिअरी करून काय उपयोग? प्रॅक्टिकल पाहिजे. डॅनियलनं मला वाखनिंगनला नदीकाठचा एक रस्ता दाखवलाय. यातली निम्मी फुलं तिथंच उगवतात. रविवारी या."

आम्ही रविवारी गेलो. मग पुढच्याही रविवारी. आम्हाला आइंडहोवनहून दोन गाड्या आणि एक बस, तिला आम्स्टरडॅमहून एक गाडी आणि तीच बस. मुलगी मला दर आठवड्याला भेटायला लागली. तेही ताटावर नाही, तर वाऱ्यात, चालताना, बोलत बोलत.

मार्चमध्ये डॅनियलचं संशोधन संपलं, त्याला इंग्लंडमध्ये नोकरी लागली, तो गेला. जूनमध्ये आईला घेऊन येतो म्हणाला. पहिला कागद आमचा तोंडपाठ झाला होता, तेव्हा संहितानं एप्रिलमध्ये दुसरा आणला. "हिलरीनं पाठवलाय. तुमची तयारी ऐकून खूश झाली." त्यानंतर दर रविवारी नवी कोडी यायला लागली, तिच्या फोनवर. ती वाचून दाखवायची, आम्ही ओळखायचो. मला वाटलं, किती हौशी बाई आहे ही हिलरी. मुलाची होणारी सासूबाई म्हणून आपला मान ठेवतेय.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही डाइकवर, म्हणजे नदीकाठच्या उंच बांधावर, गवतात बसलो होतो. ऱ्हाइन इथे अशी वाहते की वाहते की नाही ते तिच्यावरच्या मालवाहू बोटींवरूनच कळावं. विलोच्या झाडांचा कापूस हवेत तरंगत होता आणि कशावर बसायचं ते ठरवत नव्हता. संहितानं फोनवरून वाचलं, इंग्रजीतच, "निकाल लागला की शेजाऱ्यांना घरोघर नेऊन देतात ते, कुरणात."

"गोड! स्वीट!" विश्वास ओरडला. "मेडोस्वीट! अजून फुललं नाही, पण पुस्तकात आहे."

"करेक्ट!"

त्या दोघांनी टाळी दिली. माझा हात मात्र हवेतच राहिला.

इंग्लंडातल्या खेड्यात निकाल लागला की पेढे वाटत फिरत नाहीत. हिलरीनं ते कोडं लिहिलं असतं तर जेवणानंतरचं गोड लिहिलं असतं, पुडिंग लिहिलं असतं. हे कोडं लिहिणारीनं पुण्यात चौथीचा निकाल लागल्यावर पेढ्यांचा पुडा हातात धरून जिने चढलेले होते. दाराच्या बेला वाजवल्या होत्या. मीच पाठवलं होतं तिला.

मग मागचं सगळं मला दिसायला लागलं. तिच्या तोंडी डॅनियलचं नाव येऊन किती आठवडे झाले होते. आमच्यासोबत असताना तिचा फोन एकदाही वाजत नव्हता. आणि ती बारीक झाली होती, गालांखाली सावली यायला लागली होती. माझी मुलगी आठवडाभर त्या काचेच्या इमारतीत काम करत होती, आणि संध्याकाळी घरी एकटी बसून आमच्यासाठी फुलांची कोडी रचत होती, आणि वर दुसऱ्याच्या आईचं नाव घालत होती.

मी टाळी दिली. उशिरा दिली, पण दिली.

घरी आल्यावर विश्वास भांडी विसळत होता. "डॅनियलचं काही कळलं का गं?" त्यानं नळाकडे बघत विचारलं.

"कामात असेल."

"हं. नवी नोकरी आहे." मग त्यानं एकच वाटी इतका वेळ धुतली की मला कळलं, यालाही कळलंय. बोललं की ते खरं होणार होतं. खरं झालं की हिलरी नाही, परीक्षा नाही, तयारी नाही. मग रविवार तरी कशाला? पुन्हा महिन्यातून एकदा, पुन्हा जेवलीस का, पुन्हा हो. माझ्या हातात काय होतं तर रानफुलं होती, आणि मी ती घट्ट धरून बसले होते. पुण्याहून प्रांजलीचा, माझ्या बहिणीचा, फोन आला. विहीणबाई कधी येणार म्हणून विचारत होती. तिलाही मी म्हणाले, जूनच्या शेवटच्या रविवारी. अगदी सहज म्हणाले. आवाज हललासुद्धा नाही.

तर त्या दिवशी, गाय घसरल्याची तक्रार ऐकत आम्ही जात होतो, तो त्याच्या आधीचा रविवार होता. पुढच्या रविवारी हिलरी येणार होती. म्हणजे येणार असं अजून आम्ही तिघंही धरून चाललो होतो.

संहिता बसस्टॉपवर उभी होती. पांढरा शर्ट, केस ओले. "आई, झोप झाली बसमध्ये?"

"तुझा बाबा गाय उचलत होता, झोप कसली होतेय."

"मी मनात बोलत होतो," विश्वास म्हणाला.

"तुझं मन शेजारच्या सीटपर्यंत ऐकू येतं."

आम्ही डाइक उतरून खालच्या कुरणात शिरलो. जूनमध्ये इथे गवत कमरेएवढं होतं आणि चालताना वाटतं आपण चालत नाही, कुणीतरी आपल्याला हळूच पुढे नेतंय. पांढऱ्या ऑक्सआय डेझी उन्हाकडे तोंड करून उभ्या होत्या. गाई लांबवर, एकही घसरलेली नव्हती. यलो रॅटलच्या शेंगा वाळल्या होत्या. विश्वासनं एक काडी हलवून खुळखुळा वाजवला आणि पुन्हा वाजवला.

"चला, प्रश्न काढा," तो म्हणाला. "शेवटची सराव परीक्षा."

संहितानं फोन काढला. "हिलरी म्हणते, हे अवघड आहे. लवकर जा, आणि पाणी काढायची जागा."

"स्पीड... स्पीडबोट!"

"बाबा, बोट हे फूल असतं का?"

"पाणी म्हटलंस ना."

"विहीर रे," मी म्हणाले. "स्पीडवेल. हिवाळ्यापासून माझ्या पोळ्यांच्या वरच लिहिलेलं आहे ते."

"मी पोळ्या वाचत नाही, खातो."

ती हसली. मी तिच्याकडे बघत राहिले, ते हसू कुठवर पोचतं ते. डोळ्यांच्या जरा अलीकडेच थांबलं.

"पुढचं. हाउसआर्ट्सकडे गेलात की तो हेच सांगतो."

हाउसआर्ट्स म्हणजे इथला घराजवळचा डॉक्टर. ताप असो, पाय मुरगळो, छातीत कळ येवो, तो पॅरासिटॅमॉल घ्या म्हणतो आणि घरी पाठवतो, आपोआप बरं होईल म्हणून. आमच्या सगळ्या मराठी मंडळींच्या गप्पांत त्याच्यावर एक तास राखीव असतो.

"सेल्फहील!" विश्वास हसून वाकलाच. "अरे व्वा! आपलं आपण बरं व्हा! एक नंबर कोडं. काय बाई आहे, हाउसआर्ट्सवर..."

आणि तिथे त्याचं हसू थांबलं. इंग्लंडातल्या खेड्यातल्या बाईनं हाउसआर्ट्सचं नाव कुठून ऐकलं असणार, हे त्याच्या चेहऱ्यावर येताना मी पाहिलं. संहितानंही पाहिलं. तिनं फोन खाली केला. आमच्या तिघांच्या मध्ये एक मधमाशी आली, पांढऱ्या क्लोव्हरवर बसली, उठली, गेली. तिच्या जाण्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

"चांगलं आहे कोडं," विश्वास शेवटी म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "फारच चांगलं आहे."

"थँक्स," संहिता म्हणाली. मग गडबडून म्हणाली, "सांगते तिला."

पुढे एक लाकडी फाटक होतं. तिथून पायवाट नदीकडे वळते. आम्ही दर रविवारी त्या फाटकातून जायचो, आणि दर रविवारी ती तिथे मागे राहून बूट बांधायची. आज तिच्या पायात बिनलेसच्या चपला होत्या. तरी ती थांबली.

"इथं," ती म्हणाली, "इथं त्यानं पोटावर झोपून मला मुळं..." आणि मग तिनं मान वळवली. "आई, बघ ना, ती गाय किती जाड आहे."

मी गाईकडे बघितलं. जाड होती. फाटकाच्या खांबाला हात लावून उभी राहिले. या मुलीनं आम्हाला कुठे आणलं होतं, तर त्याच्याच रस्त्यावर. दर रविवारी ती या फाटकातून जात होती, त्यानं दाखवलेली फुलं आम्हाला दाखवत होती, त्याच्या आईच्या नावानं बोलत होती, आणि परतताना एडे स्टेशनवर आम्हाला हात हलवत होती. कशासाठी, तर माझ्या ओट्यावरच्या चिठ्ठ्या उतरवाव्या लागू नयेत म्हणून. मला रविवार मिळत होते, आणि त्यांची किंमत ती मोजत होती.

मी तिच्या दंडाला धरलं. तिनं धरू दिलं. फेरीच्या धक्क्यापर्यंत आम्ही तशाच चाललो.

फेरी म्हणजे एक सपाट बोट, सायकली आणि माणसं भरून ऱ्हाइनच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते. एवढंसं अंतर, पण मध्यावर गेलं की दोन्ही काठ सारखेच लांब वाटतात आणि बोट क्षणभर कुणाचीच राहत नाही. विश्वास कठड्याला टेकून पाणी बघत होता. संहिताचे केस वाळून उडत होते. कुणी कोडं घातलं नाही. तिथेच सांगावं असं मला वाटलं, पण बोलायला तोंड उघडेपर्यंत काठ आला.

पलीकडे एक पॅनकेकचं घर आहे, जुनं शेतघर. बाहेर चिंचोळी टेबलं, प्रत्येकावर काचेच्या बाटलीत एखादं रानफूल. आम्ही दर वेळी तिथे बसतो. मालकीणबाई आम्हाला ओळखते. विश्वास पॅनकेकवर मिरची मागतो, म्हणून तर ओळखतेच. तिनं ताटल्या ठेवल्या, सिरपचा बुधला ठेवला आणि जाता जाता डचमध्ये म्हणाली, "पुढच्या रविवारी इथे सायकल शर्यत आहे. फार गर्दी होईल. आत्ताच टेबल सांगून ठेवलंत तर बरं. किती जण?"

साधा प्रश्न होता. विश्वासनं माझ्याकडे बघितलं. मी संहिताकडे. संहिता बाटलीतल्या फुलाकडे बघत होती. मालकीणबाई पेन्सिल धरून उभी होती. पाच म्हटलं असतं तर अजून एक आठवडा मिळाला असता. मग गुडघ्याचं ऑपरेशन निघालं असतं, नाहीतर विमान रद्द झालं असतं. ती काहीतरी रचतच होती, मला दिसत होतं, ओठ हलत होते तिचे. एवढी दमलेली पोर, आणि अजून रचतच होती.

"तीन," मी डचमध्ये म्हणाले.

संहितानं वर पाहिलं. "आई, पण पुढच्या रविवारी हिलरी..."

"तीनच. आणि शक्य असेल तर त्याच्या पुढच्या रविवारीही तीन लिहा," मी मालकीणबाईंना सांगितलं. "आणि त्याच्याही पुढच्या."

बाईनं आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं, काहीतरी लिहिलं, आणि फार न विचारता आत गेली. त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

कुणी पॅनकेकला हात लावला नाही. विश्वासनं सिरपचा बुधला उचलला आणि संहिताच्या ताटलीजवळ सरकवला, मग अजून थोडा सरकवला, ताटलीला टेकेपर्यंत. नदीवरून फेरीची घंटा आली. माझा हात टेबलावर होता. तिनं तिचा हात त्यावर ठेवला. गार होता, आणि थोडा चिकट, लहानपणी असायचा तसा.

अवघड काही बोलायचं असलं की माझी मुलगी इंग्रजीत बोलते. आईवडिलांना लागणार नाही, तिलाही कमी लागेल, असं तिला वाटत असावं. मी इंग्रजीसाठी तयार होऊन बसले होते.

"आई," ती मराठीतच म्हणाली, "डॅनियलनं मला सोडलं."